घरच्या बियाण्याला एक वाफा : गावच्या अभ्यासिकेतल्या सहा संगणकांच्या नोंदी

१४ जून २०२५

आजपासून काम धरलं. आर्वी तालुक्यातलं आमचं गाव, ग्रामपंचायतीची अभ्यासिका, त्यात सहा संगणक. पाच एकसारखे: इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम, विंडोज १० प्रो. सहावा त्यांच्याहून जुना, २ जीबीचा, वर्षभर चादरीखाली पडून. मी वर्ध्याला दुरुस्तीच्या दुकानात सहा वर्षं काढली, आता घरची शेती पाहतो. सरपंचताईंनी विचारलं आणि मी लगेच हो म्हटलं. त्याला कारण मे महिन्यातली गोष्ट.

गावातल्या एका मुलाने भरतीच्या फॉर्मसाठी दाखले स्कॅन करून पेनड्राइव्हवर ठेवले होते. शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेयर, सही, फोटो. अभ्यासिकेत पेनड्राइव्ह लावला, फोल्डरवर दोनदा क्लिक केलं, फोल्डर उघडलं. दुसऱ्या दिवशी फॉर्म भरायला बसला तर पेनड्राइव्हवर नुसते शॉर्टकट, आणि एकही उघडेना. सगळं गेलं असं समजून त्याने आर्वी गाठली, पुन्हा स्कॅन केलं, तोवर साइट बंद. शेवटचा दिवस होता. नंतर तो पेनड्राइव्ह माझ्याकडे आला. दाखले जागच्या जागी होते, फक्त लपवलेले. एका आज्ञेने दोन मिनिटांत दिसू लागले. एवढं सांगणारं कोणी जवळ नव्हतं म्हणून त्या मुलाची संधी गेली. मला हे फार लागलं.

पाचही यंत्रं तपासली, चारांत तोच किडा, म्हणजे पेनड्राइव्हवरून पसरणारा व्हायरस. त्याची रीत अशी: मूळ फोल्डर लपवायचं, त्याच नावाचा शॉर्टकट तिथे ठेवायचा. त्या शॉर्टकटच्या पोटात विंडोजच्याच डब्ल्यूस्क्रिप्ट या प्रोग्रामला निरोप असतो, की पेनड्राइव्हवरची ही व्हीबी स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची फाइल, आधी चालव, मग खरं फोल्डर उघड. फोल्डर उघडतं म्हणून कुणाला शंका येत नाही. पूर्वी पेनड्राइव्ह लावताच त्यावरचा प्रोग्राम आपोआप चालायचा, त्याला ऑटोरन म्हणतात. २००८ च्या कॉन्फिकर नावाच्या किड्याने त्याच वाटेचा फायदा घेतला होता. विंडोज ७ मध्ये पेनड्राइव्हचं ऑटोरन बंद झालं आणि २०११ मध्ये अपडेट देऊन जुन्या विंडोजमध्येही बंद केलं गेलं. तेव्हापासून असल्या किड्याला माणसाचं बोट लागतं, आणि ते मिळवण्यासाठी हा शॉर्टकट.

अँटिव्हायरस पाचही यंत्रांवर होता. शेवटचं अपडेट फेब्रुवारीतलं.

१५ जून

रात्री बसून विचार केला. अँटिव्हायरस पुन्हा टाकून, अपडेट करून मोकळं होता येतं. दुकानात आम्ही तेच करायचो आणि तेच गिऱ्हाईक चार महिन्यांनी परत यायचं.

अँटिव्हायरसकडे असते मनाई यादी. यादीतला दिसला की धरायचा. यादीत नसलेला नवा किडा आला की वागणुकीवरून अंदाज बांधायचा. ही यादी कधीच पुरी होणार नाही. संगणक संशोधक फ्रेड कोहेन यांनी १९८४ मध्येच तर्काने दाखवून दिलं होतं, की कुठलाही प्रोग्राम हातात द्या आणि हा व्हायरस आहे की नाही ते अचूक सांगा, असं करणारा प्रोग्राम लिहिता येत नाही. संगणक कितीही वेगवान झाला तरी हे बदलत नाही. आणि आमच्या अभ्यासिकेत तर यादी ताजी ठेवण्यापुरतंही इंटरनेट नसतं.

दुसरी वाट परवानगी यादीची. कोणते प्रोग्राम चालतील ते आपण ठरवायचं, बाकी कुठलाही चालणार नाही. अभ्यासिकेला काय लागतं? ब्राउझर, लिबरऑफिस, मराठी टायपिंगचा सराव, पीडीएफ वाचायला काहीतरी, स्कॅनरचा प्रोग्राम. मोजून दहा-बारा. बाहेरचे किडे लाखांनी आहेत, आपले प्रोग्राम दहा. दहांची यादी ठेवणं मला जमेल.

१७ जून

पाचही यंत्रांवर विंडोज कोरी टाकली. त्याआधी मुलांच्या फायली काढून घेतल्या, लपलेल्या उघड्या केल्या, एका हार्ड डिस्कवर नावानिशी लावल्या.

आतापर्यंत सगळे एकाच खात्यावर बसायचे आणि ते खातं ॲडमिनिस्ट्रेटरचं होतं, पासवर्डही नाही. म्हणजे जो येईल तो घरमालक. आता दोन खाती: ‘विद्यार्थी’ साधं, ‘देखभाल’ ॲडमिनिस्ट्रेटरचं. नुसत्या एवढ्याने बरंच काम होतं. साध्या खात्याला प्रोग्राम फाइल्स आणि विंडोज या दोन फोल्डरांत लिहिता येत नाही. पण त्याच्या स्वतःच्या फोल्डरात, डेस्कटॉपवर, पेनड्राइव्हवर पडलेला कुठलाही प्रोग्राम तो अजूनही चालवू शकतो. तिथे पुढचं काम.

२१ जून

विंडोजमध्ये हे नियम लावायची सोय जुनी आहे. विंडोज एक्सपीसोबत २००१ मध्ये सॉफ्टवेअर रिस्ट्रिक्शन पॉलिसी आली, २००९ मध्ये विंडोज ७ सोबत ॲपलॉकर. विंडोज १० आल्यावर तिसरी, आणखी कडक व्यवस्था आली, ती थेट कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात तपासते. आमच्या कामाला ॲपलॉकर पुरेसं आहे. पूर्वी ते फक्त एंटरप्राइझसारख्या महागड्या आवृत्त्यांत अंमलात यायचं. प्रो आवृत्तीत नियम लिहिता यायचे पण चालायचे नाहीत. ही अट नंतरच्या एका अपडेटने काढली. म्हणून आधी पाचही यंत्रं अपडेट केली. त्यात तीन दिवस गेले. मोबाइलचं हॉटस्पॉट, गावात नेट रात्री एकनंतर जरा बरं चालतं, म्हणून रात्री जागून.

आता मूळचे नियम बसवले. सर्वांना प्रोग्राम फाइल्स आणि विंडोज फोल्डरातलं चालवता येईल, ॲडमिनिस्ट्रेटरला सगळं. एखाद्या प्रकारात एक जरी नियम आला, की त्या प्रकारातलं नियमात न बसणारं सगळं आपोआप बंद. प्रकार वेगवेगळे: चालणाऱ्या म्हणजे ईएक्सई फायली, इन्स्टॉलर, स्क्रिप्ट, विंडोजची पॅकेज्ड ॲप्स (स्टोअरमधली), आणि वाटलं तर डीएलएल, म्हणजे प्रोग्रामना लागणाऱ्या जोडफायली. आमचा किडा स्क्रिप्टमधून आला होता. नुसत्या ईएक्सई फायलींचे नियम लावले असते तर तो तसाच आत आला असता, कारण डब्ल्यूस्क्रिप्ट स्वतः विंडोज फोल्डरात बसलेला, परवानगीचा. पण स्क्रिप्टचा नियम असला की डब्ल्यूस्क्रिप्ट ती फाइल चालवण्याआधी ॲपलॉकरला विचारतो. विंडोजचाच दुसरा स्क्रिप्ट चालवणारा, पॉवरशेल, तोही विचारतो. सगळेच विचारत नाहीत, त्यावर पुढे येईन.

एक अडचण लिहून ठेवतो, दुसऱ्या कुणाला उपयोगी पडेल. ॲपलॉकर ज्या सेवेवर चालतं तिचं नाव ॲप्लिकेशन आयडेंटिटी. ती चालू नसेल तर सगळे नियम कागदावरच राहतात, कुठे सूचनाही येत नाही. विंडोज १० मध्ये ती सेवा संरक्षित केलेली आहे. सेवांच्या खिडकीतून ‘स्वयंचलित’ करायला गेलं की नकार मिळतो. ॲडमिनिस्ट्रेटरच्या कमांड प्रॉम्प्टमधून करावी लागते. दोन तास यात गेले.

अंमल अजून नाही. ‘फक्त नोंद’ या स्थितीत ठेवलं. अडवायचं काही नाही, काय अडवलं असतं तेवढं लिहून ठेवायचं.

२९ जून

मधल्या आठवड्यात पाऊस चांगला झाला, पेरणी उरकली, म्हणून अभ्यासिकेकडे फिरकता आलं नाही. बरंच झालं, नोंदी भरपूर जमल्या. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, ८००३ क्रमांकाची ओळ म्हणजे ‘हा प्रोग्राम चालू दिला, अंमल असता तर अडवला असता’. स्क्रिप्टसाठी तीच ८००६. पाच यंत्रांच्या आठ दिवसांच्या ओळी वहीत उतरवल्या.

पेनड्राइव्हवरून चालवलेले खेळ होते, ते अपेक्षित. एका यंत्रावर ब्राउझर स्वतःच अडकलेला दिसला. कुणीतरी विद्यार्थी खात्यातून उतरवून घेतला होता, आणि ॲडमिनिस्ट्रेटरचा हक्क नसला की तो प्रोग्राम फाइल्सऐवजी वापरणाऱ्याच्या ॲपडेटा फोल्डरात जाऊन बसतो. व्हिडिओ कॉलचे आणि निरोपांचे कितीतरी प्रोग्राम तिथेच बसतात. सोय आहे, परवानगी मागावी लागत नाही. किडेही त्याच कारणाने तिथेच बसतात. तो ब्राउझर काढून देखभाल खात्यातून सर्वांसाठी नीट बसवला.

टायपिंग सरावाचा प्रोग्राम डी ड्राइव्हवर. हा महत्त्वाचा. शासनाच्या संगणक टायपिंग परीक्षेची, मराठी ३० शब्दांची तयारी आमच्या गावातल्या नऊ मुली यावर करतात. हा अडला तर अभ्यासिकाच अडली.

आणि २४ तारखेच्या दुपारची एक ८००६. पेनड्राइव्हवरची व्हीबी स्क्रिप्ट. नव्या कोऱ्या यंत्रावर आठवड्याभरात किडा परत दारात. त्या यंत्राची पुन्हा सफाई केली. ज्याचा पेनड्राइव्ह होता त्याला बोलावून त्याचाही साफ करून दिला. त्याला बिचाऱ्याला काहीच कल्पना नव्हती.

५ जुलै

टायपिंगच्या प्रोग्रामसाठी नियम कसा लिहायचा यावर आज खल. तीन तऱ्हा असतात. प्रोग्राम काढणाऱ्याची डिजिटल सही पाहून, फायलीची जागा पाहून, किंवा फायलीचा हॅश घेऊन, म्हणजे तिच्या एकेका बाइटवरून काढलेला ठसा.

ग्रंथालय पाहणाऱ्या काकांना हे समजावताना मला शब्द सापडेना. ते शेतकरी माणूस. ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हणजे कपाशीच्या बियाण्यासारखंच न. पिशवीवर कंपनीचं सील हाय का, ते पाह्यचं. नाहीतर कोन्या दुकानातून आनलं, ते. नाहीतर मग हेच पाकीट, याच नंबरचं, दुसरं नाही.” मी इतकी वर्षं हे काम केलं, इतकं स्वच्छ कुणी सांगितलं नव्हतं. सील म्हणजे सही, दुकान म्हणजे फोल्डर, पाकिटावरचा नंबर म्हणजे हॅश. आणि बोगस बियाण्याने आमच्या भागात काय होतं हे सांगायला नको, दुबार पेरणीचा खर्च प्रत्येक घराने कधी ना कधी सोसलेला.

टायपिंगच्या प्रोग्रामवर सही नाही. छोट्या माणसांनी केलेल्या मराठी सॉफ्टवेअरवर बहुतेक वेळा नसते. सहीचं प्रमाणपत्र दरवर्षी पैसे भरून घ्यावं लागतं, त्यांना परवडत नसावं. तेव्हा सहीचा नियम बाद.

जागेचा नियम लिहिला, डी ड्राइव्हवरच्या त्या फोल्डरातलं काहीही चालू द्यावं म्हणून. लगेच स्वतःच तपासून पाहिलं. विद्यार्थी खात्यातून एक खेळ त्या फोल्डरात टाकला, चालला. कारण त्या फोल्डरात सगळ्यांना लिहिता येतं. नियम फोल्डर ओळखतो, आत कोणी काय ठेवलं ते पाहत नाही.

मग हॅशचा नियम. तो चोख चालला, फक्त तीच फाइल. पण उद्या त्या प्रोग्रामची नवी आवृत्ती आली की ठसा बदलणार आणि ऐन परीक्षेच्या आठवड्यात नऊ मुली माझ्या घरी येणार.

शेवटी प्रोग्राम तिथून उचलला आणि प्रोग्राम फाइल्समध्ये नेऊन ठेवला. मुलींच्या सरावाच्या नोंदी तो आपल्याच फोल्डरात लिहायचा, ते आता शक्य नव्हतं. सुदैवाने नोंदींची जागा त्याच्या सेटिंगमध्ये बदलता येते. नवा नियम लिहायचीच गरज उरली नाही.

यातून एक सूत्र हाती आलं, ते भिंतीवर खडूने लिहिलं: जिथे लिहिता येतं तिथून चालवता येऊ नये, जिथून चालवता येतं तिथे लिहिता येऊ नये. ॲपलॉकरचे सगळे नियम याच एका ओळीचा पसारा आहेत.

६ जुलै

सूत्र लिहिलं आणि त्याला छिद्रं आहेत हे आजच आठवलं. विंडोज फोल्डर परवानगीचा, पण त्याच्या पोटात काही जागा अशा आहेत जिथे साधं खातंही लिहू शकतं. टेम्प, टास्क्स, प्रिंटरच्या रंगांच्या फायली ठेवायची एक खोल जागा. तिथे प्रोग्राम नेऊन ठेवला की तो परवानगीचा होतो. नियमांत या जागा अपवाद म्हणून वगळल्या. पाच यंत्रं, एकावर करून बाकीच्यांवर आयात.

१२ जुलै

आज अंमल सुरू. सकाळी दहाला पहिली तक्रार माझ्याच चुकीची. विंडोजचा कॅल्क्युलेटर उघडेना. ईएक्सईचे नियम अंमलात आणले आणि पॅकेज्ड ॲप्सचा नियम लिहायचा राहिला, तर ती सगळी बंद पडतात. नियम घातला, सुरू झाली. नोंदीच्या काळात मी या प्रकाराकडे पाहिलंच नव्हतं.

दुपारी अकरावीतला एक मुलगा आला. त्याने भावाकडून आणलेला गणिताचा काहीतरी प्रोग्राम चालत नव्हता. पडद्यावर एवढंच: हे ॲप तुमच्या सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटरने अडवलं आहे. त्याने मला विचारलं, “हा ॲडमिनिस्ट्रेटर कोन हाय? त्याले कुठं भेटाचं?”

मी म्हटलं, मी आहे. तर म्हणे, “मग काहून अडवलं, ते त सांगा.”

तो प्रश्न दिवसभर डोक्यात राहिला. मी हे काम ज्या मुलासाठी हातात घेतलं, त्यालाही पडद्यावर काय चाललंय ते कुणी सांगितलं नव्हतं. आता मी बसवलेल्या कुलपासमोर दुसरा मुलगा तसाच उभा. यंत्राने नाही म्हणायचं आणि कारण विचारायला माणूस नसायचा, हे आम्हाला सरकारी साइटवर रोज भोगावं लागतं. गावच्या अभ्यासिकेत तसं होऊ द्यायचं नाही.

संध्याकाळी दाराजवळ दोरीने एक वही बांधली. परवानगीची वही. कोणता प्रोग्राम, कशासाठी, कुठून आणला, एवढं लिहायचं. दोन दिवसांत मी खाली उत्तर लिहीन, नाही म्हटलं तर कारणासकट. त्या मुलाची पहिली नोंद. रात्रीच पाहिला. प्रोग्राम चांगला आहे, मूळ साइटवरून उतरवून घेतला आणि बसवून दिला. भावाच्या पेनड्राइव्हवरचा घेतला नाही. त्याचं कारण वहीत लिहिलं: तोच प्रोग्राम, पण पाकीट फुटलेलं.

यात आणखी एक गोष्ट आहे, बरीच जाणकार माणसंही विसरतात. नेटवरून उतरवलेल्या फायलीला विंडोज एक खूण चिकटवते, ही बाहेरून आली म्हणून. त्या खुणेवरूनच स्मार्टस्क्रीन ही विंडोजची सोय इशारा देते. पण खूण राहते एनटीएफएस पद्धतीने आखलेल्या डिस्कवर. फाइल नेहमीच्या, फॅट-३२ पद्धतीच्या पेनड्राइव्हवर नेली की खूण गळून पडते. हातोहात फिरलेल्या फायलीबद्दल यंत्राला काहीच आठवत नाही. आमच्याकडे तर सगळं हातोहातच फिरतं.

१९ जुलै

चार दिवस लाइन नाही. डीपी जळाला. काम नाही.

२६ जुलै

बारावीतल्या एका मुलाने लिनक्सचा, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या दुसऱ्या प्रणालीचा पेनड्राइव्ह लावून यंत्र त्यावरूनच सुरू केलं आणि हवा तो खेळ खेळला. मला कळलं ते त्यानेच सांगितलं म्हणून. मी रागावलो नाही, त्याने कसं केलं ते नीट करून दाखवायला सांगितलं.

त्याचं बरोबर आहे. ॲपलॉकर विंडोजच्या आतला पहारेकरी, विंडोज सुरूच झाली नाही तर तो झोपलेलाच. सिक्युअर बूट, म्हणजे यंत्र सुरू होतानाची तपासणी, चालू होतं, पण ते सही पाहतं, आणि उबुंटूसारख्या लिनक्सचा सुरुवातीचा तुकडा मायक्रोसॉफ्टने सही केलेला असतो, म्हणजे त्याला वाट मोकळी. पाचही यंत्रांत पेनड्राइव्हवरून सुरू होणं बंद केलं, बायोसला, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामला, पासवर्ड घातला. आतला सेल काढला की पुष्कळ यंत्रांत तो पासवर्डही पुसला जातो, म्हणून डब्यांना छोटी कुलपं. त्या मुलाला सहाव्या यंत्राच्या कामात सोबतीला घेतलं.

३ ऑगस्ट

ज्याची मला भीती होती ते आज आलं.

पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला गेलेली गावातली एक मुलगी सुटीत सी भाषेचा सराव करते. तिच्यासाठी कोडब्लॉक्स हा सी लिहायचा प्रोग्राम बसवून दिला होता, वहीतली तिसरी नोंद तिचीच. तिने प्रोग्राम लिहिला, कंपाइल केला, म्हणजे त्याची चालणारी फाइल बनवली, चूक एकही नाही. चालवायला गेली तर तेच वाक्य: ॲडमिनिस्ट्रेटरने अडवलं आहे.

कुलपाने आपलं काम अगदी बरोबर केलं. कंपायलर प्रोग्राम फाइल्समध्ये, तो चालतो. त्याने तयार केलेली ईएक्सई तिच्या डॉक्युमेंट्समध्ये, तिथून काही चालत नाही. सही नाही. हॅशचा नियम करावा तर ती एक ओळ बदलते, पुन्हा कंपाइल करते, ठसा बदलतो. तासात वीस वेळा. मिनिटापूर्वी जन्मलेली, कुणीच ओळखत नाही अशी फाइल, सर्वांना लिहिता येणाऱ्या जागी पडलेली. किड्याचं वर्णनही हेच. यंत्राच्या नजरेला दोघांत काही फरक नाही.

तिचे वडील तिला न्यायला आले होते. मी सगळं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “हे त घरचं बियानं झालं बाप्पा. सोयाबीनचं आमी ठेवतोच न घरी. सील कुठं रायते त्याले? गोणपाटात शंभर दाने टाकतो, सत्तर उगवले त पेरतो. सील नाही म्हनून बोगस म्हनान का त्याले?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. इतके दिवस मी एका बाजूने पाहत होतो: बाहेरून येणारं ओळखायचं आणि अडवायचं. गावात स्वतः काही तयार होईल, आणि ते चालवून पाहावं लागेल, हे माझ्या यादीत कुठेच नव्हतं. परवानगी यादी म्हणजे आधीपासून माहीत असलेल्यांची यादी. आमच्या गावातल्या मुलीने लिहिलेला प्रोग्राम तिच्यात येणार कसा? मोठ्या कंपनीचं चालेल आणि घरचं चालणार नाही, अशी अभ्यासिका मला नको.

१० ऑगस्ट

सहावं यंत्र उभं केलं. डेबियन १२ हे लिनक्स, हलका डेस्कटॉप. बारावीतला मुलगा सोबत. दिवस मजेत गेला.

लिनक्स ज्या युनिक्सच्या वळणावर चालतं, त्या युनिक्सची रीत पन्नास वर्षांहून जुनी. प्रत्येक फायलीला वाचणं, लिहिणं, चालवणं असे तीन वेगळे हक्क. विंडोजमध्ये नावाच्या शेवटी ईएक्सई असलं की आपण ते चालवायचं समजतो, इथे चालवण्याचा हक्क फायलीवर वेगळा लावावा लागतो. पण तो हक्क मालक स्वतःच लावू शकतो, म्हणून त्याला कुलूप म्हणता येत नाही. खरं कुलूप डिस्कचा भाग जोडताना लावायचं: नोएक्झेक. त्या भागावरचं काहीही कर्नल थेट चालवणार नाही, हक्क लावलेला असो वा नसो. आम्ही वापरणाऱ्यांच्या स्वतःच्या फोल्डरांची जागा आणि तात्पुरत्या फायलींची जागा नोएक्झेक केली. मुलाने छोटा प्रोग्राम कंपाइल करून चालवला, परवानगी नाही. त्याने हक्क लावून पुन्हा चालवला, तरी परवानगी नाही. दोन्ही वेळा शब्द तेच, म्हणून नवख्याला कारण शोधायला वेळ लागतो.

मग त्याने तीच करामत पायथन या भाषेत केली आणि ती चालली. तो उड्याच मारू लागला. कर्नलच्या दृष्टीने इथे पायथन चाललं, ते परवानगीच्या जागी आहे, मुलाची फाइल पायथनने फक्त वाचली. विंडोजवरही तसंच: डब्ल्यूस्क्रिप्ट ॲपलॉकरला विचारतो, पायथन विचारत नाही. पायथनसारखा एक दुभाषी, म्हणजे लिहिलेलं वाचून चालवणारा प्रोग्राम, यादीत घातला की त्या भाषेत लिहिलेलं सगळं यादीत आलं. म्हणून पाच विंडोज यंत्रांवर पायथन ठेवायचं नाही, सहाव्यावर ठेवायचं, असं ठरवलं.

आणि मग मुद्द्याचं. सहाव्या यंत्रावर ‘सराव’ नावाचा वेगळा भाग केला. तिथे लिहिताही येतं आणि चालवताही येतं. भिंतीवरच्या सूत्राचा उघड भंग, जाणूनबुजून केलेला. त्याची किंमत म्हणून या यंत्राला नेट नाही, दाखले-फॉर्मचं काम यावर कधीच करायचं नाही, आणि सरावाचा भाग दर रविवारी रात्री दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवायचा. काही बिघडलं तर सहावं यंत्रच बिघडेल, कुणाचा दाखला जाणार नाही. बारावीतल्या मुलाने सरावच्या फोल्डरला नाव सुचवलं, वाफा. तेच ठेवलं.

२१ ऑगस्ट

उद्या पोळा. बैल धुवायचे आहेत, थोडक्यात लिहितो.

वहीत आतापर्यंत १७ नोंदी. ११ मंजूर, ४ नामंजूर, २ जणांनी स्वतःच खोडल्या. नामंजूर चारांपैकी तीन चोरीचे प्रोग्राम, म्हणजे क्रॅक केलेले. मुलांना सांगितलं, क्रॅक म्हणजे कुणीतरी सील फोडून आत हात घातलेला. काय काढलं हे सांगतात, काय टाकलं हे सांगत नाहीत.

सरपंचताईंनी मोबाइलचं विचारलं. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिकेच्या किंवा चलनाच्या नावाने येणारी एपीके फाइल, म्हणजे अँड्रॉइड ॲप बसवणारी फाइल. आमच्या गावातही आली होती. अँड्रॉइड ८ पासून, म्हणजे २०१७ पासून, कोणत्या ॲपला बाहेरची ॲप्स बसवू द्यायची ते ॲपवार ठरवता येतं. सेटिंगमध्ये व्हॉट्सॲपपुढचं आणि ब्राउझरपुढचं बटण बंद आहे का एवढं पाहायचं. पोळ्याला सगळे जमतील तेव्हा लोकांचे फोन घेऊन तेच पाहणार.

७ सप्टेंबर

टायपिंगवाल्या मुली, फॉर्मवाली मुलं, सगळं सुरळीत. ८००४, म्हणजे खरोखर अडवल्याच्या ओळी, पाचही यंत्रांवर मिळून आठवड्याला दहाच्या आत. त्यातली शॉर्टकटच्या किड्याची तीन वेळची खटपट वेगळी, ती स्क्रिप्टच्या ८००७ मध्ये. तिन्ही वेळा पेनड्राइव्हवाल्याला शोधून पेनड्राइव्ह साफ करून दिला. मे महिन्यातल्या त्या मुलाला हे काम शिकवलं आहे, आता तोच करतो. नवीन भरतीचा फॉर्मही त्याने इथूनच भरला.

विंडोज १० ची मदत, म्हणजे मायक्रोसॉफ्टची नेहमीची अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबणार. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलचा आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, आमची यंत्रं चौथ्या पिढीची. पंचायतीला नवी घेणं शक्य नाही. टायपिंगचा प्रोग्राम लिनक्सवर चालत नाही, म्हणून दोन यंत्रं विंडोजवर ठेवून त्यांचं नेट काढायचं, तीन यंत्रं डेबियनवर न्यायची. दिवाळीच्या आधी. यादी, वही, सूत्र तेच राहील, कुलूप बदलेल.

पॉलिटेक्निकवाली मुलगी उद्या वसतिगृहावर परत जाते. आज दुपारी वाफ्यात तिचा शेवटचा प्रोग्राम चालवून दाखवला. शंभरपैकी किती दाणे उगवले ते विचारतो, सत्तरच्या खाली असले तर एकरी किती बियाणं वाढवायचं ते सांगतो, तेही मराठीत. तिच्या वडिलांनी खुर्ची ओढून ६४ टाकले. आकडा आला. त्यांनी खिशातून कागद काढून पडताळला आणि म्हणाले, “बरोबर हाय.” मग ७८ टाकले.